एका बहिणाबाईंवर किती दिवस भागवणार?

मागच्या मार्चमध्ये आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात गेले, तर देवघेवीच्या टेबलामागे सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. निर्लेखनाचे. ज्यांचा वाचनालयाशी फारसा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते: फाटलेली, कसर लागलेली किंवा वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं यादी करून दप्तरातून कमी करतात, त्याला निर्लेखन म्हणतात. समितीचा ठराव होतो, दाखल रजिस्टरात त्या क्रमांकावर लाल रेघ पडते आणि गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. आमचे ग्रंथपाल नाना कितीतरी वर्षं त्या टेबलावर आहेत. त्यांनीच म्हटलं, "ताई, उद्या गाडी येईल. काही ठेवून घ्यायचं असेल तर आजच बघून घ्या."

तिसऱ्या गठ्ठ्यात मला 'बळी' सापडली. विभावरी शिरूरकरांची १९५० सालची कादंबरी. कापडी बांधणी, पाठ कसरीनं खाल्लेली, पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का. शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर अकरा शिक्के होते, त्यातला शेवटचा १९९१चा. पानं उलटताना मध्यावर कुठंतरी समासात पेन्सिलीनं लिहिलेले दोन शब्द दिसले: 'खरं शे'. म्हणजे खरं आहे. अक्षर बारीक, जरा कललेलं, लिहायची सवय सुटलेल्या हातानं जपून काढलेलं. पुण्या-मुंबईच्या मराठीत लिहिलेल्या कादंबरीला कुणीतरी अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, दिलेली ती पावती होती.

नानांच्या यादीत या पुस्तकापुढे, कारणाच्या रकान्यात, लिहिलं होतं: 'मागणी नाही'.

तेव्हापासून मी या दोन शब्दांशी मनातल्या मनात भांडते आहे. बायकांनी लिहिलेली पुस्तकं कपाटातून गेली, अभ्यासक्रमातून गेली, बोलण्यातूनही गेली, आणि प्रत्येक वेळी कारण हेच सांगितलं गेलं. कुणी बंदी घातली नाही, कुणी जाळली नाहीत. मागणी नाही, एवढंच. माझं म्हणणं असं की हे कारण खोटं आहे. मागणी होती, ती मोजायची सोयच आपण ठेवली नव्हती. आणि जिथं खरोखरच नव्हती, तिथं ती तयार करणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते काम बहुतेक वेळा पुरुषांच्याच पुस्तकांसाठी केलं.

मोजायची सोय नव्हती म्हणजे काय, ते माझ्याच घरातलं सांगते. माझी माय सातवीपर्यंत शिकलेली. वाचनाची तिला भूक होती, दुसरा शब्द नाही. वाचनालयाचं कार्ड मात्र अण्णांच्या नावावर. पुस्तक बदलायला मी जायची, कापडी पिशवीत जुनं पुस्तक घालून. माय सांगायची, "काहीतरी चांगलं दे म्हणा." टेबलावरचे गृहस्थ हाताशी असेल ते द्यायचे, कधी ऐतिहासिक कादंबरी, कधी रहस्यकथा, कधी कुणा स्वामींचं चरित्र. काय हवं आहे हे नऊ वर्षांच्या पोरीला विचारून काय उपयोग, आणि मायला विचारायला माय कधी तिथं आलीच नाही. बाजारपेठेतल्या त्या माडीवर बायका चढत नसत. एकदा चुकून कुठल्याशा लेखिकेच्या कथा आल्या. दुपारी भांडी आटोपून मधल्या घरात धान्याच्या कोठीला टेकून ती वाचत बसलेली मला आठवते. संध्याकाळी चूल पेटवायला तिला उशीर झाला. रात्री मला म्हणाली, "हाई ते मन्हंच लिखेल शे." हे तर माझंच लिहिलंय.

ते पुस्तक आठ दिवसांनी मी परत केलं आणि पुढच्या वेळी पुन्हा एक ऐतिहासिक कादंबरी घेऊन आले. तिला काय आवडलं, तिनं काय मागितलं असतं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. रजिस्टरात अण्णा आहेत, आणि अण्णांनी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं मला आठवत नाही. आता सांगा, त्या लेखिकेला मागणी होती की नव्हती? ज्या बाईनं 'बळी'च्या समासात 'खरं शे' लिहिलं, तिच्या नावावरही कदाचित कार्ड नसेल. नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या नावावर ते पुस्तक घरात आलं असेल.

मागणी आपोआप उगवत नाही, हे मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मी ठामपणे सांगू शकते. एखादा लेखक अभ्यासक्रमाला लागतो, त्याच्यावर गाईड निघतं, मग त्याची पुस्तकं वाचनालय घेतं, त्याच्या जयंतीला व्याख्यान होतं, व्याख्यान देणारा त्याच्यावर लेख लिहितो, आणि पुढच्या अभ्यास मंडळात बसलेला माणूस तो लेख वाचून म्हणतो, यांना तर घ्यायलाच हवं. हे चाक एकदा फिरलं की पन्नास वर्षं थांबत नाही. बायकांच्या पुस्तकांसाठी ते फिरवायला बसलेलं कोण होतं?

आमच्या खान्देशात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "आमच्याकडे बहिणाबाई आहेत की!" आहेतच. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, जळगावच्या चौधऱ्यांच्या घरात नांदलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या बहिणाबाई. विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं गेलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. एका निरक्षर शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाच्या दारावर लागावं, ही साधी गोष्ट नाही. पण त्यांचं पुस्तक आपल्यापर्यंत कसं पोचलं ते एकदा नीट बघा. त्या शेतात, घरात, जात्यावर म्हणत होत्या. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून घेतलं. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांना ते बावनकशी सोनं वाटलं आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून निघाली.

म्हणजे मुलगा स्वतः कवी होता, त्याची अत्र्यांपर्यंत ओळख होती आणि अत्र्यांचा शब्द महाराष्ट्रात चालत होता. यातला एक जरी दुवा नसता, मुलगा कवी न होता जिनिंग फॅक्टरीत कारकून झाला असता, तर आज विद्यापीठाला दुसरं नाव असतं. मग ज्या बायकांच्या घरात सोपानदेव नव्हते, त्यांचं काय झालं? आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर, कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री, लग्नात हळद दळताना आमच्याकडच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या जी गाणी रचली, त्यातलं किती कागदावर आलं? साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंड काढले, म्हणून महाराष्ट्रातलं पुष्कळ वाचलं. पण गोळा झालेल्या गाण्याला बहुधा कर्तीचं नाव नसतं. 'लोकगीत' म्हटलं की रचणारी बाई पुसली जाते.

आणि ज्या बहिणाबाईंचं नाव आपण घेतो, त्यांना तरी आपण वाचतो का? संसार आणि तवा, तेवढं लग्नपत्रिकेवर येतं. मनावरची कविता भाषणात येते. नवरा गेल्यावर कुंकवाखालची कर्माची रेघ उघडी पडली म्हणणाऱ्या, माझं दैव मला कळतं, माझा हात पाहू नकोस, असं ज्योतिषाला दारातूनच परत पाठवणाऱ्या बहिणाबाई किती जणांना ठाऊक आहेत? ती बाई सोशिक नाही. ती भांडते, विचारते, आणि उत्तर मिळालं नाही तर स्वतःचं उत्तर घडवते. त्यांची बोलीसुद्धा आपण सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतो. ती जळगाव-यावल पट्ट्यातली लेवा गणबोली, वऱ्हाडीकडे झुकणारी. पारोळ्या-अमळनेरची आमची अहिराणी वेगळी. ज्यांनी पुस्तक उघडलं आहे त्यांना हा फरक पहिल्या पानावर कळतो. पुतळ्याला हार घालताना कळत नाही.

एका नावाचा गौरव करून बाकीच्यांची जबाबदारी झटकायची, ही सवय आपल्याला लागली आहे. जळगाव जिल्ह्यातल्याच पहूरच्या, जामनेर तालुक्यातल्या, अनुराधा पाटील. 'दिगंत'पासून 'कदाचित अजूनही'पर्यंत त्यांनी मोजकं, खोल लिहिलं. 'कदाचित अजूनही'ला २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या वर्षी मी अकरावीच्या वर्गात विचारलं, हे नाव कुणी ऐकलंय? सत्तर मुलांत एकही हात वर आला नाही. पहूर आमच्या वर्गापासून एसटीनं दोन-अडीच तासांवर. मुलांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत ते नाव नेणं माझं काम होतं आणि तोवर मीही ते केलेलं नव्हतं.

जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. आदल्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, तिला शिक्षा झाली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ती वाचून संतापलेल्या ताराबाईंनी हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. बायकांवर जे जे दोष लादता ते सगळे तुमच्यात आमच्याहून जास्त आहेत, असं पुरुषांना समोर बसवून, एकेक दोष हातात घेऊन त्या सुनावतात. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. एरवी झाली ती टीका आणि टवाळी. ताराबाईंचं दुसरं पुस्तक उपलब्ध नाही. आणि हे एकुलतं पुस्तक पुन्हा लोकांसमोर आलं ते १९७५ साली, स. गं. मालशे यांनी शोधून, संपादून छापलं तेव्हा.

१८८२ ते १९७५. ९३ वर्षं. या काळात मराठीत केवढी चळवळ झाली, किती संमेलनं भरली, स्त्रीशिक्षणावर किती भाषणं झाली. विधवांच्या प्रश्नावर तावातावानं लिहिणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक नव्हतं की वऱ्हाडातल्या एका बाईनं हे सगळं आधीच, आणि त्यांच्यापेक्षा धारदार, लिहून ठेवलं आहे. प्रत्येक पिढीतल्या बाईला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली, कारण आदल्या पिढीतल्या बाईनं किती पायऱ्या बांधल्या ते तिला कुणी दाखवलंच नाही. पुस्तक हरवण्याचा खरा तोटा हा आहे. लेखिकेचा मान गेला हे वाईटच, पण वाचणारीची वर्षं गेली.

"चांगलं असेल ते टिकतंच," असं माझे एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणायचे. त्यांना मी ताराबाईंचं उदाहरण दिलं की ते म्हणायचे, "बघा, शेवटी सापडलंच की!" सापडलं ते आपण मोजतो. न सापडलेलं मोजता येत नाही, म्हणून ते नव्हतंच असं धरून चालतो. शिवाय सापडणं म्हणजे काय? मालशे शोधायला गेले म्हणून सापडलं. स्वतः चालत आलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि तो माझे विद्यार्थीच घेतात. ही जुनी पुस्तकं खरंच चांगली आहेत का, की बाईनं लिहिली म्हणून कौतुक करायचं? मी त्यांना खोटं सांगत नाही. गीता साने यांची १९३६ सालची 'निखळलेली हिरकणी' मी वाचली तेव्हा काही ठिकाणी मला ती विचार मांडण्याच्या घाईत रचल्यासारखी वाटली. माणसं जगण्याआधी बोलायला लागतात. पण त्याच लेखिकेनं पुढं चंबळच्या खोऱ्यात जाऊन 'चंबळची दस्युभूमी' लिहिलं, १९६५ साली. डाकूंची ही दुनिया का तयार होते, हे एक मराठी बाई तिथं जाऊन बघते आणि लिहिते. हे आज आपल्या पत्रकारितेच्या वर्गात का नसावं? आणि घाईत लिहिलेल्या कादंबऱ्यांचंच म्हणाल, तर त्या काळातल्या पुरुषांनी लिहिलेल्या तशाच कादंबऱ्या नव्या मुखपृष्ठासह आमच्या वाचनालयात दर्शनी कपाटात आहेत. त्यांना कुणी गुणवत्तेचा दाखला मागितलेला नाही. बाईचं पुस्तक शंभर टक्के उत्तम असेल तरच ठेवायचं आणि पुरुषाचं बरं असलं तरी चालेल, ही मापं वेगळी आहेत.

विभावरी शिरूरकरांच्या बाबतीत तर मागणी नव्हती असं म्हणायची सोयच नाही. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. शिकलेल्या, कमावणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते कुणी एवढं उघड लिहिलं नव्हतं. ही विभावरी कोण, याचा शोध घेत लोक हिंडत होते. पुढं कळलं, त्या बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर. आज कुणी त्यांचं नाव घेतलंच तर या गदारोळाची गोष्ट सांगतात. पुस्तकापेक्षा पुस्तकाभोवतीचा कल्ला मोठा करून ठेवला. 'बळी' त्यातच मागे पडली. मालतीबाईंनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना जिथं तारेच्या कुंपणाआड ठेवत तिथं, अधिकारी म्हणून काम केलं होतं. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची ही कादंबरी. त्यांना तसं ठरवणारा कायदा देशभरातून १९५२ साली गेला, कादंबरी त्याच्या दोन वर्षं आधीची. गावात चोरी झाली की लोकांची बोटं आजही आधी कुठल्या वस्तीकडे वळतात, ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. 'खरं शे' लिहिणारीलाही ते माहीत असणार.

यातही थर आहेत, आणि तो भाग टाळून हा विषय बोलता येणार नाही. मी आतापर्यंत घेतलेल्या नावांपैकी बरीच शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतली. त्यांना निदान मासिकं होती, प्रकाशक होते. फलटणच्या बेबी कांबळे यांचं 'जिणं अमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. त्या छोटंसं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं वाचता वाचता त्यांचं वाचन वाढलं. दुकानात बसूनच त्यांनी लिहिलं आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. रद्दी वाचून एका बाईनं पुस्तक उभं केलं, आणि आपण बायकांची पुस्तकं सुतळीत बांधून रद्दीत घालतो आहोत. त्या दिवशी वाचनालयात मला हेच आठवत होतं. शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा'ही त्याच काळातलं. 'जिणं अमुचं' तर परदेशातल्या विद्यापीठांत अनुवादातून शिकवलं जातं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दोन्ही नव्हती.

आणि आमच्या अगदी अंगणातलं नाव म्हणजे नजुबाई गावित. धुळे-नंदुरबारच्या आदिवासींच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या नजुबाईंनी 'तृष्णा' लिहिली, 'नवसा भिलणीचा एल्गार' लिहिलं. आदिवासी बाईचं जगणं आदिवासी बाईनंच मराठीत लिहिणं, हे आपल्याकडे किती विरळ आहे याची कल्पना करा. सातपुड्याच्या पायथ्याशी आपण सहली काढतो, तोरणमाळला जातो, होळीला पावऱ्यांचा नाच बघून फोटो काढतो. तिथल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक मात्र धुळ्यात चार जणांना विचाराल तर चौथ्याला फक्त नाव ऐकल्यासारखं वाटेल.

संमेलनांचं म्हणाल तर हिशोब सोपा आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन खान्देशात पाच वेळा भरलं: जळगावला १९३६ साली, धुळ्याला १९४४, अमळनेरला १९५२, पुन्हा जळगावला १९८४ आणि पुन्हा अमळनेरला २०२४. अध्यक्ष अनुक्रमे माधव जुलियन, मामा वरेरकर, कृ. पां. कुलकर्णी, शंकरराव खरात, रवींद्र शोभणे. पाचही मोठी माणसं, पाचही पुरुष. सगळ्या संमेलनांचा हिशोब फार वेगळा नाही. अध्यक्ष झालेल्या बायका म्हणजे कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर. तिथवरच्या ९८ संमेलनांत सहा. अध्यक्षपद मिळालं म्हणजे वाचलं जातं असं नाही, पण ज्या वर्षी ते मिळतं त्या वर्षी दुकानदार त्या लेखिकेची पुस्तकं पुढं मांडतो, वाचनालय मागवतं, पोरंसोरं नाव ऐकतात. मागणी अशी तयार होते.

मग करायचं काय? मला मोठमोठ्या योजनांत रस नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ सालापासून आहे. अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं गावोगावी आहेत, त्यांना अनुदान मिळतं आणि त्यातला ठरलेला वाटा ग्रंथखरेदीवर घालावा लागतो. मार्च जवळ आला की विक्रेता यादी आणि सूट घेऊन येतो, आणि घाईघाईत ती यादीच खरेदी होते. यादी कुणी करायची, एवढाच प्रश्न आहे. ती गावातल्या मराठीच्या शिक्षकांनी, वाचणाऱ्या बायकांनी डिसेंबरात बसून केली तर एक रुपया जास्त लागत नाही. निर्लेखनाची यादी ठरावाआधी महिनाभर फलकावर लावावी. गावातल्या कुणाला तरी त्यातलं एखादं पुस्तक ओळखीचं निघेल.

हे निर्लेखन इतकं मनाला लावून घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कायद्याचं आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी मोकळं होतं. ताराबाई शिंदे, १९३६ साली गेलेल्या लक्ष्मीबाई टिळक, १९४८ साली गेलेल्या काशीबाई कानिटकर यांचं लेखन आज कुणीही छापू शकतं, स्कॅन करून मोबाइलवर देऊ शकतं. मालतीबाई २००१ साली गेल्या. त्यांचं लेखन २०६१ संपेपर्यंत मोकळं होणार नाही. म्हणजे साधारण १९३० ते १९८०च्या दरम्यान लिहिणाऱ्या कितीतरी बायका अशा कात्रीत आहेत: मोकळं होण्याइतकं त्यांचं लेखन जुनं नाही आणि नवी आवृत्ती काढण्याइतका नफा कुणाला दिसत नाही. अशा पुस्तकांची वाचनालयातली कसर लागलेली प्रत हाच त्यांचा पत्ता आहे. तिच्यावर लाल रेघ ओढली की संपलं.

आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायका, सहावी शिकलेल्या काकूंपासून बीएड झालेल्या सुनेपर्यंत, दर दुसऱ्या शनिवारी दुपारी माझ्या घरी जमतो. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हातात शेंगा सोलायला किंवा कोथिंबीर निवडायला काहीतरी असतंच. पहिलं पुस्तक 'स्त्रीपुरुष तुलना' घेतलं. मला भीती होती, १८८२ची भाषा, कंटाळतील. झालं उलटं. ती भाषा डोळ्यांनी वाचायची नाहीच, ती मोठ्यानं म्हणायची आहे. बायको मेली की पुरुषानं लगेच दुसरी आणावी आणि नवरा मेला की बाईनं जन्मभर तोंड लपवावं, हा कुठला न्याय, असं ताराबाई विचारतात तिथं काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "हाई बाई आपली गल्लीमानी शे का काय?" म्हणाल्या. ही बाई आपल्या गल्लीतली आहे की काय? मग त्यांनी स्वतःच्या आत्याची गोष्ट सांगितली, केशवपनाची, जी त्यांच्या सुनेनंसुद्धा कधी ऐकली नव्हती. पुढचा अर्धा तास पुस्तक बाजूलाच राहिलं.

हे पांडित्य नाही आणि संशोधनही नाही. पण पुस्तक जिवंत राहतं ते असंच, आणि हे करायला मालशे व्हावं लागत नाही.

'बळी' मी त्या दिवशी गठ्ठ्यातून काढली ती घरी नेली नाही. माझ्या कपाटात तिचं काय होणार होतं? नानांना विनंती केली, समितीच्या अध्यक्षांना अर्ज दिला, दोन बैठका गेल्या. शेवटी ती पुन्हा दाखल करून घेतली. नानांनी जुना खोडलेला क्रमांक तसाच राहू दिला आणि त्याच्याखाली नवा घातला. पाठ गावातल्या बाइंडरनं शिवून दिली. तारखांचा कागद मात्र मी बदलू दिला नाही. १९९१च्या शिक्क्याखाली जागा होती.

त्या जागेत पहिला शिक्का पडला तो आमच्या शनिवारच्या बायकांपैकी एकीच्या कार्डावर. बेचाळिसाव्या वर्षी तिनं स्वतःच्या नावानं पहिल्यांदा कार्ड काढलं. फॉर्मवर नवऱ्याची सही कुठं करायची, असं तिनं नानांना विचारलं आणि नाना म्हणाले, लागत नाही. पुस्तक अजून परत आलेलं नाही. परवा नानांनी विचारलं तर म्हणाली, नणंद घेऊन गेली आहे, शिरपूरला.